ओढ्यातला घास वहीत कधी येणार?



बचत गटाचं काम करताना आम्हाला सारखे फॉर्म भरावे लागतात. कर्जाचा फॉर्म, सर्वेक्षणाचा फॉर्म, गटाच्या माहितीचा फॉर्म. प्रत्येकात एक रकाना हमखास असतो, 'उत्पन्नाचं साधन'. बाया सांगतात, मजुरी. कुणी सांगते भातशेती, कुणी कोंबड्या, शेळी. मग आम्ही विचारतो, "आणि मासे? चिंबोऱ्या?" तर बाया हसतात. "ते काय ताई, ओढ्यात जातो नि घेऊन येतो. त्याला काय साधन म्हणायचं?"

आज आपण या 'ओढ्यात जातो नि घेऊन येतो' याच कामाविषयी बोलणार आहोत.

आम्ही काम करतो ते रायगड जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये. आमच्या गटांत कातकरी बाया आहेत, धनगरवाड्यावरच्या आहेत, कुणबी घरांतल्याही आहेत. इथं चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वरच्या उतारांवर जिथं दाट, सदाहरित रान शिल्लक आहे, तिथं ते रान हे पाणी धरतं आणि पाऊस थांबल्यावरही हळूहळू सोडत राहतं. त्या पाण्यावर आमचे ओढे वाहतात. वर रान तुटलं की खाली ओढा लवकर आटतो, आणि ओढा आटला की मासा संपतो. त्यामुळं जंगलाची गोष्ट आणि आपल्या कालवणाची गोष्ट वेगळी नाही.

बायांचं मासे धरण्याचं काम वर्षभर कसं चालतं ते आधी पाहू. कारण ते एकाच वेळी दिसत नाही, म्हणून लक्षात येत नाही.

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की नदीतले मासे पाण्याच्या उलट चढू लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात. आमच्याकडं याला वलगण म्हणतात, दुसरीकडं चढणीचे मासे म्हणतात. पुरुष मोठ्या पाण्यात पाग टाकतात. ओढ्याच्या अरुंद जागी दगडमातीचा बांध घालून मधे बांबूच्या कामट्यांची मळई लावतात. बाया उथळ पाण्यात असतात. दोघींनी जुन्या लुगड्याची चार टोकं धरायची, तिसरीनं पाणी ढवळत मासे त्यात हाकायचे. किंवा नुसत्या टोपलीनं, नुसत्या हातानं. मुऱ्या, मळे, खवल्या, वाम, झिंगे. तुमच्या गावात नावं वेगळी असतील, पण मासे ओळखीचेच असतील.

आषाढात चिंबोऱ्या निघतात. रात्री बत्ती घेऊन बांधाबांधानं धरायच्या, दिवसा दगडाखाली हात घालायचा. बिळात हात घालताना आत चिंबोरी आहे की सर्प आहे, हे आपल्या म्हाताऱ्या बाया बिळाच्या तोंडावरच्या मातीवरून सांगतात. हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळत नाही. दसऱ्याच्या सुमाराला खाचरांतलं पाणी उतरतं, तेव्हा बांधाच्या फटीला टोपली लावून बारीक मासे गोळा होतात. आणि होळीनंतर ओढा वाहायचा थांबतो, जागोजागी डबकी उरतात. मग बाया आणि पोरं मिळून डबक्याला चिखलाचा बांध घालतात, पातेल्यांनी पाणी उपसतात, आणि तळातले मासे, झिंगे, चिंबोऱ्या वेचून घेतात.

हे उपसायचं काम फक्त आपणच करतो असं नाही. आफ्रिकेत कॅमेरून नावाचा देश आहे. तिथल्या पावसाळी जंगलात बाका नावाची आदिवासी जमात राहते. त्यांच्या बायासुद्धा कोरड्या दिवसांत एकत्र जमून जंगलातल्या बारीक ओढ्याला काटक्या, पानं आणि मातीचा बांध घालतात, पाणी उपसतात आणि मासे, झिंगे, खेकडे धरतात. तिथंही ते बायांचं आणि पोरांचं काम. हजारो मैलांवर, वेगळ्या भाषेत, तीच पद्धत. कारण ज्या बाईकडं होडी नाही, मोठं जाळं नाही, कडेवर मूल आहे, ती घराजवळच्या उथळ पाण्यातच मासे धरणार. जगात जिथं जिथं असं रान आणि असे ओढे आहेत, तिथं बायांनी हेच शोधून काढलं.

आता कुणी म्हणेल, पावशेर मासे, दहा चिंबोऱ्या, यात काय मोठं?

मोठं असं आहे की हे मासे कधी येतात ते पाहा. आषाढ-श्रावणात लावणी संपलेली असते. मजुरी नसते. घरातलं गेल्या वर्षीचं धान्य तळाला गेलेलं असतं. आपल्याकडच्या बाया या दिवसांना उपासमारीचे दिवस म्हणतात. नेमकं तेव्हा वीटभट्टीचा आणि कोळसाभट्टीचा मुकादम वाडीत येतो आणि उचल देऊन जातो. पावसाळ्यात घेतलेली ती उचल दिवाळीनंतर सगळं घर भट्टीवर नेते. पोरांची शाळा सुटते, बाईचा गट सुटतो. कातकरी वाड्यांत ही गोष्ट घरोघरी आहे. उचल किती घ्यावी लागते, हे त्या दोन महिन्यांत चुलीवर काय आहे यावर ठरतं. ओढ्यात मासा असेल, बांधावर चिंबोरी असेल, कडेला टाकळा-कुर्डू असेल, तर बाई म्हणू शकते, "एवढी नको, थोडी पुरे." ओढा रिकामा असेल तर तिला तसं म्हणता येत नाही.

दुसरं म्हणजे अंगाला लागणारं अन्न. बारीक मासा आपण काट्यासकट खातो. त्यातून हाडांना लागणारा चुना मिळतो, पोटात वाढणाऱ्या बाळालाही मिळतो. अंगणवाडीत वजनकाट्यावर पोर कमी भरलं की आपल्याला ऐकावं लागतं. पण त्या पोराच्या ताटातून मासा कधी गेला, हे कुठं लिहिलेलं नसतं.

आणि तिसरं, पैसा. पावसाळ्यात मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेला चिंबोऱ्यांच्या माळा घेऊन बसलेल्या बाया तुम्ही पाहिल्या असतील. तो पैसा थेट बाईच्या हातात येतो. त्यातून मीठ-मिरची येते, पोरांच्या वह्या येतात, गटाचा हप्ताही येतो.

म्हणून आमच्या एका गटानं ठरवलं, या पावसाळ्यात आपण मोजायचं. गटातल्या बऱ्याच जणींना लिहिता येत नाही. तर प्रत्येकीनं एक रिकामा डबा चुलीजवळ ठेवला. ज्या दिवशी ओढ्यातलं कालवण झालं, त्या दिवशी एक चिंचोका डब्यात टाकायचा. चिंबोऱ्या किंवा मासे विकले, तर खडा टाकायचा. महिन्याच्या बैठकीत डबे आणायचे, मोजायचे, आणि लिहिणारीनं गटाच्या वहीत मांडायचे.

पहिल्या बैठकीत डबे उघडले तेव्हा बाया स्वतःच गप्प झाल्या. एकाही घराचा डबा रिकामा नव्हता. ज्या घरात मिळवता पुरुष नाही, त्या घराच्या डब्यात सगळ्यात जास्त चिंचोके होते. 'त्याला काय साधन म्हणायचं' असं हसत म्हणणारी बाईच वाकून म्हणाली, "ताई, हे तर माझं रेशन आहे."

जे मोजलं जात नाही, ते गेलं तरी कुणाला कळत नाही. भाताचं पीक गेलं तर तलाठी पंचनाम्याला येतो. ओढ्यातला मासा गेला तर कोण येणार? आणि तो जातोय, हे आपण डोळ्यांनी पाहतोय.

तो का जातोय? एक तर ओढ्याचं पाणी. रान तुटलं, माती वाहून आली, कोंडी भरल्या. वाळू उपसली, माशाची अंडी घालायची जागा गेली. काही ठिकाणी कारखान्याचं पाणी सोडलं जातं. भातावर मारलेलं तणनाशक आणि कीटकनाशक खाचरातून ओढ्यात उतरतं. हे सगळं आपल्या एकट्याच्या हातात नाही.

पण दुसरं कारण आपल्या वाडीतलंच आहे. उन्हाळ्यात कोंडीत ब्लीचिंग पावडर टाकायची, विजेच्या तारेचा आकडा पाण्यात सोडायचा, नाहीतर सुरुंगाची दारू उडवायची. पूर्वी आपले जुने लोक रामेठ्याची साल नाहीतर गेळाची फळं ठेचून डबक्यात टाकायचे. त्यानं मासा भोवंडून वर यायचा. ते अडवलेल्या छोट्या डबक्यात, वर्षातून एखाद्या वेळी. पावडरीचं तसं नाही. तिनं मोठा मासा मरतो, त्याची अंडी मरतात, पिल्लं मरतात, बेडूक मरतो, माशाचं खाणं असलेले किडेही मरतात. एका दुपारच्या पाटीभर माशांसाठी पुढच्या पावसाळ्याचं सगळ्या वाडीचं कालवण संपतं. त्याच कोंडीवर गुरं पाणी पितात, हेही विसरायचं नाही. १८९७ सालीच, म्हणजे इंग्रजांच्या काळात, सुरुंग आणि विष वापरून मासे मारणं कायद्यानं गुन्हा ठरलं होतं. १९२७ च्या वन कायद्यातही राखीव जंगलातल्या पाण्यात विष घालायला मनाई आहे. कायदा आहे. पण कोंडीवर पोलीस उभा राहत नाही. तिथं आपणच असतो.

मग गटानं ग्रामसभेत विषय मांडायचं ठरवलं. त्याआधी वाडीत बैठक झाली, आणि ती सोपी नव्हती. पोरं म्हणाली, "आम्ही नाही मारले तर पलीकडच्या गावचे मारतील." आणि एका म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "कोंड राखा ग, पण माझ्याच दारची का? मी लांब जाऊ शकत नाही. माझ्या ताटात काय येणार?" हा प्रश्न खरा होता. नियम करताना त्याचा भार सगळ्यात गरीब बाईवर पडतो, हे आपण नेहमी पाहतो. म्हणून जी कोंड सगळ्यांच्या वाटेवर आहे आणि कुणा एकीच्या दारात नाही, ती राखायची ठरली. वाटेवर असल्यामुळं येता-जाता सगळ्यांची नजरही राहते.

नियम चारच केले. पहिला, त्या एका कोंडीत बारा महिने मासा धरायचा नाही. दुसरा, पावडर, वीज आणि दारू कुठल्याच पाण्यात नाही. तिसरा, वलगणीच्या वेळी ओढ्याची पूर्ण रुंदी अडवायची नाही, अर्धी वाट माशाला मोकळी ठेवायची, म्हणजे काही मासे वर जाऊन अंडी घालतील. चौथा, पिल्लांची चिंबोरी सोडून द्यायची. आपल्या ओढ्यातल्या चिंबोरीची मादी अंडी आणि पिल्लं पोटाखालच्या झाकणात सांभाळते. मादीचं ते झाकण रुंद असतं, नराचं अरुंद. उलटी करून पाहिली की कळतं. एक आई सोडली तर तिच्याबरोबर सगळं लेंढार वाचतं.

समुद्रावरही हेच चालतं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. ओढ्यासाठी तसा नियम आपल्यालाच करावा लागतो.

कोंड राखणं हे काही नवीन खूळ नाही. आमच्याच महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे म्हणून कुणी मारत नाही. लोक उलट त्यांना खायला घालतात. मोठमोठे मासे तिथं निर्धास्त फिरतात. आपल्या पूर्वजांनी देवीचं नाव घेऊन जे राखलं, ते आपण ग्रामसभेच्या ठरावानं राखायचं, एवढाच फरक.

आता हक्काविषयी. राखायचं काम आपलं, तर हक्कही आपला असायला हवा. नाहीतर कोंड आपण राखायची आणि उद्या दुसऱ्यानं येऊन म्हणायचं, "तुम्ही इथं कशा?"

२००६ सालचा वनहक्क कायदा आपल्याला बहुतेक दळी-प्लॉटपुरता माहीत आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्क आहेत, आणि त्यात 'मासे आणि पाण्यातली इतर उत्पादनं' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे वनजमिनीवरच्या ओढ्यातून, कोंडीतून मासे आणि चिंबोऱ्या धरायचा गावाचा हक्क कायद्यानं मान्य आहे. सामूहिक दाव्याच्या फॉर्मवर त्यासाठी वेगळी ओळ आहे. अनेक दाव्यांत ती ओळ कोरी राहते. कारण फॉर्म भरायला बसणारे पुरुष असतात, आणि ओढ्यावर जाणाऱ्या बाया त्या वेळी ओढ्यावर असतात.

या कायद्याबद्दल चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, आदिवासींबरोबर इतर पारंपरिक वननिवासीही दावा करू शकतात, पण त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दोन, गावाच्या वनहक्क समितीत १० ते १५ माणसं असतात आणि त्यात निदान एक तृतीयांश बाया असायलाच हव्यात. दाव्यांसाठीच्या ग्रामसभेतही हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया हव्यात. तीन, पुराव्यांच्या यादीत मासे धरण्याच्या जागांचा उल्लेख आहे. म्हणून कुठला ओढा, कुठली कोंड, तिचं नाव काय, तिथं कधी जातो, हे नकाशावर मांडता येतं. चार, वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाब हाही पुरावा धरला जातो. मात्र तो दावेदार नसलेल्या माणसाचा हवा, आणि एकाच पुराव्यावर भागत नाही, निदान दोन लागतात. वडीलधारी माणसं म्हटलं की आपल्याकडं चार म्हातारे बोलावतात. कायद्यात कुठंही म्हटलेलं नाही की वडीलधारं माणूस म्हणजे पुरुष. ओढ्याची खरी माहिती आजीला आहे, तर जबाब आजीचा घ्या.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. आमच्या वाडीचा दावा उपविभागीय समितीकडं गेलेला आहे. त्यात अकरा कोंडींची नावं आहेत, आणि ती नावं बायांनी सांगितली आहेत. काही नावं पुरुषांनी पहिल्यांदाच ऐकली.

तुमचा ओढा वनजमिनीवर नसेल तरी हात टेकू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. त्या नोंदवहीत तुमच्या ओढ्यातले मासे आहेत का, विचारा. नसतील तर नावं तुम्ही सांगा. माशाचं नाव, तो कधी मिळतो, आधी मिळायचा आणि आता मिळत नाही असे कुठले.

बायांनी मनावर घेतलं तर पाणी सुधारतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पूर्व विदर्भात भंडारा-गोंदिया भागात ढीवर समाजाच्या बायांनी जुन्या तलावांत उतरून पसरलेलं बेशरम उपटून काढलं, तळाला देशी पाणवनस्पती लावल्या. त्या वनस्पतींत माशांना खाणं आणि आसरा मिळाला, आणि देशी मासे पुन्हा वाढू लागले. तिथं तलाव, इथं ओढा. पण कंबरभर पाण्यात उभं राहायची आपल्यालाही सवय आहेच.

आमची राखलेली कोंड आता दोन पावसाळे पाहून झाली. गेल्या मे महिन्यात बाकीची डबकी आटली तेव्हा त्या कोंडीत मासे होते. मध्ये एकदा रात्री कुणी तरी तिथं आकडा टाकायला आलं होतं. कुत्री भुंकली, बाया बत्त्या घेऊन बाहेर पडल्या, माणसं पळून गेली. आता त्या वाटेवरच्या दोन घरांनी रात्री लक्ष ठेवायचं आणि गटानं त्यांना बत्तीचे सेल पुरवायचे, असं ठरलं आहे. खर्च गटाच्या वहीत लिहिला जातो.

मैत्रिणींनो, पुढच्या गटबैठकीत हप्ते जमा झाले की एवढंच करा. प्रत्येकीला विचारा, गेल्या आठवड्यात ओढ्यातलं, खाडीतलं, तलावातलं कालवण किती दिवस झालं. मग एक डबा आणि मूठभर चिंचोके घरी द्या. एका कागदावर आपल्या ओढ्याचा नकाशा काढा आणि सगळ्यात म्हाताऱ्या बाईला मधे बसवून कोंडींची नावं लिहून घ्या. आणि पुढच्या वेळी फॉर्मवर 'उत्पन्नाचं साधन' हा रकाना आला की हसू नका. मजुरीच्या खाली लिहायला सांगा, मासे आणि चिंबोऱ्या. लिहिणारा थांबला, तर वही दाखवा.